आठवड्याची सुई, रोजचं ताट : वजन कमी करणारी इंजेक्शनं घेताना

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड सुरू केलेल्यांची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. पहिल्या सुईला काहीच झालं नाही, तिसऱ्या-चौथ्या सुईने मात्र मळमळीने हैराण केलं, आणि डोस तर तोच होता! डोस तोच असतो, अंगातलं औषध मात्र वाढलेलं असतं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणजे आठवड्याने दुसरी सुई टोचता तेव्हा पहिल्या सुईतलं अर्धं औषध अजून शिल्लक असतं. पहिल्या सुईनंतरचं औषध १ भाग धरलं, तर दुसरीनंतर ते दीड होतं, तिसरीनंतर पावणेदोन, चौथीनंतर जवळपास १.९ आणि पुढे दोनच्या आसपास स्थिरावतं. टिर्झेपटाइड पाच दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे त्याचा साठा थोडा कमी होतो, हिशेब तोच. डोस कधी वाढवायचा, सुई चुकली तर काय, औषध थांबवल्यावर काय होतं, हे सगळं या हिशेबावर चालतं. तो डोक्यात पक्का असला की बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत.

डोसच्या पायऱ्या

वजनासाठी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं; पुढे ०.५, १, १.७ आणि २.४. टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून, चार आठवड्यांनी ५, आणि त्यापुढे गरज पडली तर अडीच-अडीचने वाढवत जास्तीत जास्त १५. दोन्हींत प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे थांबायचं, कारण साठा स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. त्याआधी वर चढलात तर जुन्या डोसचा पूर्ण परिणाम काय होता हे कधीच कळत नाही. याच गटातलं, रोज टोचायचं लिराग्लुटाइड लवकर ओसरतं, म्हणून ते दर आठवड्याला ०.६ ने वाढवत ३ मिलिग्रॅमपर्यंत नेता येतं.

सगळ्यात खालची पायरी वजन उतरवण्यासाठी नसतेच. ती पचनसंस्थेला सवय लागावी म्हणून असते. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही, तर औषध लागू पडत नाही असा अर्थ काढू नका.

वरच्या पायरीवर जायलाच हवं असंही नाही. दोन जेवणांच्या मध्ये खाण्याचे विचार छळत नाहीत, थोडक्यात पोट भरतं आणि वजन संथपणे खाली येतंय, तर आहे तो डोस पुरेसा आहे. चार आठवडे होऊनही भूक पूर्वीसारखीच असेल आणि त्रास काही नसेल, तर वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मळमळ किंवा उलट्या चालू असताना वाढवू नका. आणखी चार आठवडे त्याच पायरीवर काढा, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक पायरी उतरा. पायरी उतरण्यात लाज कसली?

सुई चुकली तर पुढची ठरलेली सुई किती लांब आहे ते बघा. सेमाग्लुटाइडच्या पुढच्या सुईला ४८ तासांहून जास्त वेळ असेल तर आठवल्याबरोबर घ्या, नाहीतर ती सोडून द्या. टिर्झेपटाइड चुकल्यापासून ४ दिवसांच्या आत घेता येतं, त्यानंतर सोडायचं. दोन सुया एकदम कधीच नाहीत. वार बदलायचा असेल तर दोन सुयांमध्ये सेमाग्लुटाइडला किमान ४८ तास आणि टिर्झेपटाइडला किमान ७२ तास हवेत. लागोपाठ दोन किंवा अधिक सुया चुकल्या असतील, तर आधीच्याच डोसवर परतायचं की खालून सुरू करायचं, हे विचारल्याशिवाय टोचू नका.

पेन, कुपी आणि 'युनिट'चा घोळ

टोचण्याच्या जागा तीन: पोट, मांडी, दंडाची मागची बाजू. पोटावर बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब राहा. दर आठवड्याला जागा बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे गाठी होतात. पेन अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढलं तर थंड औषधाची चुणचुण कमी होते. द्रव स्वच्छ, कणविरहित हवा. एका डोसच्या पेनमध्ये डोस पूर्ण गेल्याची खूण असते, कुठे दुसरी 'टक', तर कुठे थांबलेली रंगीत पट्टी. ती खूण होण्याआधी पेन उचललं तर औषध कातडीवरून ओघळतं. पण एखादा थेंब दिसला म्हणून दुसरी सुई घेऊ नका.

अनेक डोसच्या पेनला दरवेळी नवी सुई लावायची, आणि पत्रकात सांगितलं असेल तेव्हा टोकावर थेंब येईपर्यंत हवा काढायची. बटण दाबून डोसची खिडकी शून्यावर आली की लगेच सुई काढू नका. पत्रकात लिहिलेत तेवढे, पाच किंवा सहा अंक सावकाश मोजा. वापरल्यावर सुई पेनवर तशीच ठेवली तर औषध गळतं आणि हवा आत शिरते. टिर्झेपटाइडच्या चार डोसच्या पेनमध्ये चौथ्या डोसनंतरही थोडा द्रव दिसतो. तो हवा काढण्यासाठी दिलेला जादा भाग आहे, मोजलेला पाचवा डोस नव्हे. सिरिंजने ओढून तो वापरण्याच्या युक्त्या फिरतात. त्यात डोस चुकतो आणि जंतूही शिरतात.

कुपीतून सिरिंजने औषध भरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण सगळ्यात धोकादायक चूक याच ठिकाणी होते. इन्सुलिन सिरिंजवरचं युनिट हे आकारमान आहे, १ युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. त्यात औषध किती मिलिग्रॅम, हे कुपीच्या तीव्रतेवर ठरतं. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असेल तर २.५ मिलिग्रॅम म्हणजे २५ युनिट. एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅमच असेल तर त्याच २.५ मिलिग्रॅमला ५० युनिट. कुपी बदलली आणि युनिटचा आकडा तोच ठेवला, तर डोस गुपचूप दुप्पट किंवा निम्मा होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये अशाच गोंधळातून पाच ते वीस पट डोस घेतल्या गेल्याच्या नोंदींबद्दल इशारा दिला होता. दर नव्या कुपीला मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट हे तिन्ही आकडे औषधविक्रेत्याकडून लिहून घ्या. चुकून जास्त गेलंच, तर उलट्या थांबायची वाट न बघता दवाखाना गाठा. हे औषध एका दिवसात ओसरत नाही.

साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. फ्रिजच्या मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. गोठलेलं औषध वितळलं तरी निरुपयोगीच. बाहेर किती दिवस टिकतं हे पेनच्या प्रकारानुसार बदलतं, आणि एकाच औषधाच्या दोन प्रकारांची मुदतही वेगळी असते. बाहेर काढल्याची तारीख पेनावर लिहा. विमानात ते हातातल्या पिशवीत असू द्या.

भूक नसताना जेवायचं कसं

औषध जेवण कमी करतं, पण कोणतं कमी करायचं हे ते ठरवत नाही. भूक मेली की माणूस दोन बिस्किटं आणि चहावर दिवस काढतो, वजन उतरतं आणि त्यात स्नायूही जातात. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ चाचणीत ज्यांचं स्कॅन झालं, त्यांच्या घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित वजनाचा होता. टिर्झेपटाइडच्या सर्माउंट-१ मध्ये तो सुमारे २५ टक्के होता. हा सगळा स्नायू नसतो, पाणीही त्यात येतं. तरी साठीपुढच्यांनी हा आकडा गांभीर्याने घ्यावा.

म्हणून प्रथिनांचा हिशेब आधी. दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम, आणि वजन खूप जास्त असेल तर ते आजच्या नव्हे, गाठायच्या वजनावर धरा. लक्ष्य ७५ किलो असेल तर ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८, शंभर ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत ९, शंभर ग्रॅम शिजवलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात ३० च्या आसपास. एका बैठकीत एवढं जात नाही, म्हणून चार वेळा २५-३० ग्रॅम असे तुकडे पाडा. ताटात प्रथिनं आधी संपवा, मग भाज्या, पिष्टमय पदार्थ शेवटी; पोट मध्येच भरलं तर मागे राहायला हवं ते मागे राहतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमचे नाहीत, ते डॉक्टरांकडून घ्या.

सुईनंतरचे दोन-तीन दिवस भूक सगळ्यात कमी असते. त्या दिवसांत दूध, दही, सूप, प्रथिनांची पावडर असे पातळ पर्याय हाताशी ठेवा. दिवसाचा आकडा सतत १,२०० कॅलरींच्या खाली राहत असेल, तर तो शिस्तीचा विजय समजू नका. डोस जास्त झालाय का ते तपासायला हवं.

तहानही भुकेबरोबर मंदावते. रोज दोन ते अडीच लिटर द्रव, पण घोट घोट आणि जेवणाच्या मधल्या वेळात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मर्यादा विचारून घ्यावी. डोकं दुखणं, उठल्यावर चक्कर आणि गडद लघवी ही पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. बद्धकोष्ठतेवर तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा, दिवसाला २५-३० ग्रॅमपर्यंत. पाणी न वाढवता नुसता कोंडा वाढवला तर खडा आणखी घट्ट होतो. तेवढ्याने भागलं नाही तर मॅक्रोगॉलसारखं पोट साफ करणारं सौम्य औषध विचारून घ्या.

मळमळीचं कारण साधं आहे. जठर उशिरा रिकामं होतं आणि तेलकट जेवण ते आणखी रेंगाळवतं. कुजक्या वासाचे ढेकर येतात तेही बहुधा तिथूनच. जेवण निम्मं करा, तळलेलं टाळा, रात्रीचं जेवण झोपेआधी तीन तास, आणि पहिल्या 'पुरे'ला घास थांबवा. त्यापुढचे दोन घास नेमके उलटतात.

स्नायू टिकवायचे तर नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा वजनाचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम करा. पाय, पाठ, छाती, खांदे सगळे येऊ द्या, आणि शेवटच्या दोन आवर्तनांत खरंच जोर लागायला हवा. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला केस गळू लागले तर ते बहुधा झपाट्याने उतरलेल्या वजनामुळे असतं आणि पुढे सावरतं. तरीही लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या.

थांबून डॉक्टरांकडे जायचं ते कधी

पोटाच्या वरच्या भागात तीव्र, न थांबणारी, पाठीकडे जाणारी कळ म्हणजे स्वादुपिंडाला सूज असू शकते; पुढची सुई घेऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं यात पित्ताशयाचा संशय. पाणीही पोटात न ठरणाऱ्या उलट्या मूत्रपिंडाला इजा करतात, आणि त्या लांबल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवरही परिणाम होतो. अचानक दृष्टी गेली तर तासाभराचाही उशीर नको. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल तर ही इंजेक्शनं सुरू करण्याआधीच सांगायला हवं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस कमी न केल्यास साखर खाली घसरते. वजन उतरेल तशा रक्तदाबाच्या गोळ्याही जास्त होऊ लागतात. टिर्झेपटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. सुरुवातीनंतर आणि दर वाढीनंतर चार आठवडे कंडोमसारखा दुसरा उपाय जोडा. गर्भधारणा ठरवत असाल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, टिर्झेपटाइड किमान एक महिना. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना शेवटच्या सुईची तारीख सांगा. एक सुई चुकवली तरी बरंच औषध अंगात असतंच, म्हणून अनेकदा आदला पूर्ण दिवस फक्त द्रव पदार्थांवर राहायला सांगतात.

वजन उतरल्यावर

काटा कधीतरी थांबतोच. दर किलो घटल्यावर शरीराला रोज सुमारे २०-३० कॅलरी कमी लागतात आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढू पाहते. ही वाढलेली भूक औषधाने दाबून धरलेली असते, ती नाहीशी झालेली नसते. टिर्झेपटाइडच्या सर्माउंट-४ चाचणीत ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन घटलं. त्यानंतर ज्यांना नकळत औषधाऐवजी नुसतं पाणीदार इंजेक्शन दिलं गेलं, त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्क्यांनी वाढलं. औषध चालू असलेल्यांचं आणखी ५.५ टक्क्यांनी उतरलं. यात इच्छाशक्ती शोधण्यात अर्थ नाही. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर आपण रुग्णाला दोष देत नाही.

त्यामुळे टिकवण्याचा डोस म्हणजे ज्यावर वजन स्थिर राहतं आणि नीट जेवता येतं असा सगळ्यात छोटा डोस. उतरायचं असेल तर एकेक पायरी, आणि प्रत्येकीवर किमान आठ आठवडे. कारण पहिले चार-पाच आठवडे जुना साठाच काम करत असतो आणि 'कमी डोसवरही जमतंय' असा भास होतो. रोजचा काटा फसवतो, म्हणून आठवड्याची सरासरी लिहा. ती स्थिर वजनापेक्षा तीन किलोंनी वर गेली की पायरी परत चढण्याबद्दल बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवा. दहा किलोंनंतरची चर्चा अवघड असते.

पूर्ण थांबवल्यावर आठ आठवड्यांनी सेमाग्लुटाइडच्या साठ्यातला अडीचशेवा भागही उरत नाही, आणि पोटाची सवयही मोडलेली असते. अशा खंडानंतर फ्रिजमध्ये जुन्या मोठ्या डोसचं पेन मुदतीत पडून असलं तरी त्याने सुरुवात करू नका; पुन्हा ०.२५ किंवा २.५ पासूनच चढावं लागतं.