दाताच्या मुळावरचे सिमेंटम: या चुका टाळा

दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेले नसते. मुळावर सिमेंटम नावाचा हाडासारखा पातळ थर असतो आणि हाडाकडून येणाऱ्या तंतूंची टोके त्यात रुतलेली असतात, म्हणूनच दात जागेवर टिकतो. हा थर हिरडीजवळ अवघा 20 ते 50 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर मुळाच्या टोकाशी साधारण 150 ते 200 मायक्रोमीटर जाड असतो. दाताच्या दिसणाऱ्या भागावरच्या टणक थरात, म्हणजे इनॅमलमध्ये, सुमारे 96 टक्के खनिज असते, तर सिमेंटममध्ये ते निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे हिरडी सरकून मूळ उघडे पडले की, जे घासणे इनॅमलने वर्षानुवर्षे सोसले, ते या थराला झेपत नाही.

मराठवाड्याच्या खेड्यांत, विशेषतः प्रौढ स्त्रियांमध्ये, तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिसरी दातांना लावण्याची सवय अजूनही आढळते. मिसरीने हिरड्या घट्ट होतात, असा समज तिच्यामागे आहे आणि या विषयातला सर्वांत घातक समज मला हाच वाटतो. निकोटिनमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी येते आणि आजार आत वाढत असतानाही हिरडी बरी झाल्यासारखी वाटते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच. राख, कोळसा, विटेची पूड किंवा जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसत असले, तरी त्यांच्या खरखरीत कणांनी उघड्या मुळावरचा थर झिजतो.

ब्रशही निर्दोष नाही. कडक ब्रश आडवा, जोर लावून फिरवल्याने दात आणि हिरडीच्या सीमेवर खाचा पडतात. मऊ ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावा. मोसंबी, कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर लगेच दात घासणे हीही चूकच, कारण आंबटपणाने मऊ झालेला पृष्ठभाग त्या वेळी सहज झिजतो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

दातांची सफाई, म्हणजे स्केलिंग, केल्याने दात हलू लागतात, या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. प्रत्यक्षात कीटण साचल्याने हिरडीला सूज येते आणि आधाराचे हाड झिजते. ते कीटण काढल्यावर आधीच सैल झालेला दात प्रथमच जाणवतो आणि झाकलेले मूळ उघडे पडल्याने काही दिवस गार पाणी लागते. दोष मात्र सफाईच्या माथी मारला जातो. दात शिणशिणत असतील तर संवेदनशील दातांसाठीची पेस्ट दोन-तीन आठवडे नियमित वापरावी, दोन दिवसांत सोडू नये.

खेळताना किंवा मोटारसायकलवरून पडून अख्खा दात निघतो, तेव्हा घरातले लोक नेमकी उलट कृती करतात: दात मातीने माखलेला पाहून तो नळाखाली चोळून धुतात आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवतात. मुळावर चिकटलेले तंतू आणि पेशी त्यात मरतात, दात पुन्हा रुजण्याची शक्यता घटते आणि बसवलेला दातही पुढे मुळापासून विरघळत जाऊ शकतो. दात फक्त वरच्या भागाने धरावा, माती असल्यास दुधाने किंवा सलाईनने काही सेकंद नुसता खळबळावा आणि जखमी व्यक्ती शुद्धीवर असेल तर जागच्या जागी बसवून स्वच्छ रुमालावर चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर तो थंड दुधात ठेवावा, साध्या पाण्यात नाही. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचल्यास यशाची शक्यता चांगली असते. गावाहून तालुक्याला जायला वेळ लागणार असेल तर दूध अधिकच महत्त्वाचे ठरते. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याने आत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.