जर्मन शब्द लक्षात ठेवायला इंग्रजीतला मुका 'जीएच'

ए-१ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची, तयारी करताना जर्मन शब्द डोक्यात टिकत नसतील, तर इंग्रजी स्पेलिंगमधला तो निरुपयोगी वाटणारा 'जीएच' कामाला लावा.

१. रोजच्या वापरातला जुना इंग्रजी शब्द घ्या: नाइट (रात्र), एट (आठ), डॉटर (मुलगी).

२. 'जीएच'च्या जागी 'सीएच' लिहा आणि घशातून 'ख' म्हणा. नाख्ट, आख्ट. डॉटरमधला 'डी' मात्र 'टी' होतो: टोख्टर. स्वर इकडेतिकडे होतातच, त्यांच्या मागे लागू नका.

३. आधी इ किंवा ए आला तर हाच 'ख' मऊ होऊन 'श'कडे झुकतो: लाइटचं लिश्ट, राइटचं रेश्ट.

नेबरचं नाखबार, हाय (उंच)चं होख. लाफमध्ये 'जीएच'चा 'फ' झालाय, तरी जर्मनमध्ये लाखनच. मुलांना डॉटर, नेबरचं स्पेलिंग आठवत नसेल तर हीच जोडी उलटी वापरता येते, आणि माझ्या मते तिचा खरा फायदा तिथेच आहे.

अर्थ मात्र शब्दकोशात पाहूनच घ्या. इंग्रजीतला 'के'ने सुरू होणारा दुसरा नाइट म्हणजे घोड्यावरचा सरदार, त्याचा जर्मन भाऊ क्नेश्ट मात्र शेतावरचा गडी! डिलाइटला तर जोडीच नाही. तो फ्रेंचमधून आला आणि 'जीएच' त्याला लाइटच्या देखादेखी नंतर चिकटला.