खुल्या वास्तुरचना स्पर्धा : पहिल्याच फेरीत बाद करणाऱ्या चुका

स्पर्धेचा निकाल लागला की तरुण आर्किटेक्ट हमखास विचारतात, 'महिनाभर रात्री जागवल्या, मग पहिल्याच फेरीत बाद कसे झालो?' त्यांच्या शीट्स, म्हणजे स्पर्धेला पाठवलेले चित्रांचे मोठे कागद, पाहायला बसलं की बहुतेकदा दिसतं ते असं: डिझाइन वाईट नसतं. ते ब्रीफने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या गरजा आणि अटींच्या कागदाने, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतं, किंवा असलं तरी शीटवर सापडत नाही.

ब्रीफ म्हणजे नुसता क्षेत्रफळाचा तक्ता, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाची स्पर्धा घ्या. १९८१ साली तिला १,४२१ प्रवेशिका आल्या. त्या मांडायला हवाई दलाचा विमानं ठेवायचा हँगर वापरावा लागला. अटी मोजक्याच होत्या. मृत आणि बेपत्ता सैनिकांची सगळी नावं हवीत, राजकीय भाष्य नको, परिसराशी मेळ हवा, माणसाला शांतपणे विचार करता यावा. सुमारे ५८ हजार नावं! आपल्यापैकी अनेकांनी आधी एखादं भव्य शिल्प रचलं असतं आणि नावांसाठी मग कुठेतरी भिंत काढली असती. माया लिन तेव्हा येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. तिने नावांच्या अटीलाच स्मारक केलं. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या भिंती, एकीचा रोख वॉशिंग्टन स्तंभाकडे, दुसरीचा लिंकन स्मारकाकडे. नावं मृत्यूच्या क्रमाने कोरलेली, आणि भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात युद्धातलं पहिलं आणि शेवटचं नाव समोरासमोर येतं. चारही अटी एकाच रेषेत सुटल्या. तिची चित्रं साधी, पेस्टलमधली होती. सोबतचा मजकूर मात्र वाचणाऱ्याला हाताला धरून त्या उतारावरून खाली नेतो.

म्हणून मजकूर शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. 'अवकाशांचा संवाद', 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' असली वाक्यं कुठल्याही इमारतीखाली चिकटवता येतात, ती खोडा. माणूस कुठून आत शिरतो, त्याला आधी काय दिसतं, पाऊस आला तर तो कुठे थांबतो, हे लिहा. मी तर सांगेन, पहिली रेघ मारण्याआधी हा परिच्छेद लिहून पाहा. लिहिता आला नाही तर कल्पना अजून पिकलेली नाही.

दुसरी चूक साइटची. तिथे काय बांधायचं याचाच विचार होतो, काय बांधायचं नाही याचा होत नाही. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या स्पर्धेत १९७१ साली ६८१ प्रवेशिकांमधून रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या आर्किटेक्टांची रचना निवडली गेली. त्यांनी जवळपास अर्धी जागा मोकळी सोडून शहराला चौक दिला. आपल्याकडे दिल्लीत इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची स्पर्धा चेन्नईच्या विबी डिझाइन लॅबने जिंकली आणि २०१९ मध्ये ते खुलं झालं. मधला स्तंभ सोडला तर स्मारकाची एकात एक चक्रं जमिनीलगतच राहतात, इंडिया गेटशी उंचीची बरोबरी करत नाहीत.

'सिडनी ऑपेरा हाउसची चित्रं तरी कुठे पूर्ण होती?' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. खरं आहे, तिचा आर्किटेक्ट यॉर्न उट्झन याची चित्रं जवळजवळ कच्च्या आराखड्याइतकी त्रोटक होती, आणि तरी १९५७ साली २३३ प्रवेशिकांमध्ये तो पहिला आला. पण त्याने चिंचोळ्या भूशिरावर दोन्ही सभागृहं शेजारीशेजारी बसवली होती, आणि शेजारच्या उंच पुलावरून छप्परच दर्शनी भाग होऊन दिसणार हे ओळखलं होतं. अवघड प्रश्न सुटलेला होता. न सुटलेली छपराच्या शिंपल्यांची भूमिती मात्र पुढे अनेक वर्षं छळत राहिली. इमारत १९७३ साली उघडली आणि उट्झनने १९६६ मध्येच काम सोडलं होतं. त्रोटक चित्रांचं अनुकरण करण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

शीट गर्दीची होतेय? ती भिंतीला लावा, दहा पावलं मागे जा आणि प्रकल्प माहीत नसलेल्या कुणाला तरी विचारा, 'काय दिसतंय?' उत्तर चुकलं तर रेंडर (संगणकावरची रंगीत चित्रं) कमी करा, एक सेक्शन (इमारतीचा उभा छेद) मोठा करा. पुष्कळदा संपूर्ण कल्पना सेक्शनमध्येच असते आणि आपण तो कोपऱ्यात काडेपेटीएवढा छापतो. एखाद्या बाजूला कुणीच न वाचणारे विश्लेषणाचे डायग्राम असतील तर तेही काढा.

काही चुका निव्वळ कारकुनी, पण थेट बाद करणाऱ्या: निनावी स्पर्धेत फाइलच्या नावात किंवा तिच्या 'प्रॉपर्टीज'च्या तपशिलात ऑफिसचं नाव राहणं, मागितलेली स्केल बदलणं, मुदतीच्या शेवटच्या तासात अपलोड करणं. आदल्या दिवशी दुसऱ्या संगणकावर पीडीएफ उघडून पाहा. शंका असेल तर प्रश्नोत्तरांच्या मुदतीत लेखी विचारा आणि इतरांना मिळालेली उत्तरंही वाचा; ब्रीफ तिथेच बदलतं.

आणि फी भरण्याआधी आयोजक कोण ते बघा. जमीन कुणाच्या ताब्यात आहे, पैसा मंजूर आहे का, ज्युरीत कोण, जिंकणाऱ्याला काम देण्याचं लेखी बंधन आहे का, आणि स्वामित्वहक्क कुणाकडे राहतो? हेलसिंकीच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या स्पर्धेला १,७१५ प्रवेशिका आल्या, २०१५ मध्ये मोरो कुसुनोकी या पॅरिसच्या ऑफिसने ती जिंकली, आणि २०१६ मध्ये नगर परिषदेने प्रकल्पच नाकारला.