तांबड्या रश्श्यासोबत कुठली वाईन? टेस्टिंग रूमला नवीन लागणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

नाशिकला वायनरीत टेस्टिंग रूमचा (जिथे गिऱ्हाईकाला वाईन चाखायला देतात तिथला) जॉब करायचाय, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पुढे काय शिकू असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पगार, शिफ्ट, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय हे सगळं जॉबला लागल्यावर कळेलच. मी बोलणारे ते पेअरिंगबद्दल, म्हणजे कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन, कारण काउंटरवर पुण्यामुंबईहून आलेलं पब्लिक द्राक्षाची जात नंतर विचारतं, आधी विचारतं "मटणाबरोबर काय घेऊ?" आणि कोर्स करून आलेली मुलं इथेच अडकतात.

कोर्स म्हणजे बहुतेकांचा डब्ल्यूएसईटीचा (वाईन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट, वाईनचे कोर्स आणि परीक्षा चालवणारी संस्था). लेव्हल 1 ला 30 प्रश्न, लेव्हल 2 ला 50 प्रश्न आणि एक तास, सगळे बहुपर्यायी, वाईन चाखून तिचं वर्णन करायची परीक्षा थेट लेव्हल 3 ला. करावा का? हो, खुशाल करा, लेव्हल 2 पर्यंत तरी कराच. पण "रेड मीटला रेड, माशाला व्हाईट" हे जे सगळ्यांच्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं ते आपल्या ताटापुढे टिकत नाही. आपल्याकडे मटण की मासा हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न रस्सा कसला आहे. तिखट किती, खोबरं किंवा तेल किती, आंबट काय घातलंय आणि मीठ. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

तिखटाचं जरा नीट समजून घ्या. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, म्हणून जिभेला खरंच भाजल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे अल्कोहोलसुद्धा त्याच रिसेप्टरला डिवचतं. म्हणजे कोल्हापुरी तांबडा रस्सा आणि वर साडेचौदा टक्के अल्कोहोलची शिराझ (एक रेड वाईन) म्हणजे आगीत तेल. त्यात रेडमधलं टॅनिन, जे तोंड कोरडं करतं, ते तिखटावर आणखी कडवट लागतं आणि वाईनमधलं फळ गायबच होतं. वाईन चांगली असते हो, रस्साही चांगला असतो, दोघांचं जमत नाही एवढंच.

मग द्यायचं काय? किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची, चांगली गार केलेली व्हाईट. नाशिकमध्ये शेनिन ब्लां ही व्हाईट भरपूर होते आणि बऱ्याच जणांच्या शेनिनमध्ये थोडी साखर ठेवलेली असते, ती तिखटाला मस्त धरून ठेवते. रिझलिंग (तीही व्हाईटच) मिळाली तर अजून छान, जर्मनीतल्या मोझेलच्या काही गोडसर रिझलिंगमध्ये तर अल्कोहोल आठ-नऊ टक्केच असतं. आता यावर नवीन मुलं नाक मुरडतात, गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. ते आधी काढून टाका, कारण गिऱ्हाईक "जरा गोड द्या" म्हणतं आणि संध्याकाळी त्याला झणझणीत मटण खायचं असतं तेव्हा त्याचंच बरोबर असतं.

घरी एक करून बघा, कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकाल. एकच रस्सा करा, तीन वाट्या भरा, एक तशीच ठेवा, दुसरीत नारळाचं दूध घाला, तिसरीत लिंबू पिळा. आधी वाईनचा घोट, मग रस्सा, मग परत तीच वाईन, आणि प्रत्येक वाटीनंतर थोडं थांबून साधा भात खा नाहीतर पहिल्या वाटीची जळजळ तिसरीपर्यंत पुरते. नारळाच्या वाटीबरोबर तीच वाईन एकदम गोल, म्हणजे मऊ, लागेल. लिंबाच्या वाटीबरोबर कमी आंबट वाईन पाणचट होईल, तिथे सोव्हिन्यों ब्लांसारखी आंबट धार असलेली व्हाईट लागते, म्हणून कोकम घातलेल्या कोळंबीला ती चालते. आणि हो, रस्सा ढवळून वरच्या तर्रीसकट घ्या, कॅप्सेसिन पाण्यात नाही तेलात विरघळतं, त्यामुळे खरं तिखट त्या लाल तवंगात असतं. खालचा पातळ रस्सा चाखून पेअरिंग ठरवलंत तर गिऱ्हाईकाच्या ताटात भलतंच होणार.

रेड अगदीच बाद नाही. लवंगी मिरची नसून मिरी आणि खडा मसाला पुढे असेल, सुकं मटण असेल, तर शिराझ छान जाते, शिराझमध्ये स्वतःचाच मिरीसारखा वास असतो. फक्त गार करून द्या, एप्रिलमधल्या नाशिकचं रूम टेंपरेचर म्हणजे वाईनचा काढा. पंधरा-सोळा डिग्री ठीक.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन, सगळ्याबरोबर चालते असं सरसकट सांगतात, मला नाही पटत. कांदाभजी, बोंबील फ्राय, कोथिंबीर वडी, म्हणजे तळलेलं आणि खारट, तिथे ब्रूटला (गोड नसलेल्या स्पार्कलिंगला) तोड नाही. पण ठेच्याबरोबर ते बुडबुडे पोळलेल्या जिभेला टोचतात. आणि मिसळीबरोबर वाईन विचारली तर मी सरळ ताक सांगतो, मालक ऐकत नसला म्हणजे.

अजून एक, पुस्तकातलं पेअरिंग कोर्सवार असतं, आधी हे मग ते. आपलं सगळं एकाच ताटात येतं, एका घासाला पांढरा रस्सा, पुढच्याला तांबडा, मध्ये कांदा. अशा वेळी ताटातल्या सगळ्यात तिखट पदार्थाला धरून बाटली निवडा, कारण ती जळजळ पुढच्या चार घासांना सोबत असते. एकच बाटली काढायची तर मी गोडसर शेनिन नाहीतर रोझे (गुलाबी वाईन) काढतो. पुरणपोळी असेल तर मात्र वाईन पोळीपेक्षा गोड हवी, लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन) वगैरे, नाहीतर चांगली वाईनसुद्धा आंबट ढाण लागते.

इंटरव्ह्यूत "चिकन करीबरोबर काय?" हा प्रश्न हमखास येतो. लगेच नाव घेऊ नका. उलट विचारा, मालवणी का कोल्हापुरी, खोबरं आहे का, तिखट किती, बरोबर सोलकढी आहे का. मग नाव सांगा आणि का ते एका वाक्यात. आणि त्या दिवशी परफ्यूम मारून जाऊ नका, ग्लासातला वास तुम्हालाही येत नाही आणि समोरच्यालाही.