आधी रिस्टोअर, मग सॉफ्टवेअर: मिश्र नेटवर्कसाठी बॅकअपची निवड

विंडोजचे पाच-सहा पीसी, दोन मॅकबुक, कोपऱ्यात लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आणि सगळ्यांच्या सामायिक फाइलींसाठी एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. अशा मिश्र नेटवर्कसाठी कोणते बॅकअप सॉफ्टवेअर घ्यावे, असे कोणी विचारले की मी आधी एकच गोष्ट विचारते: यातला एखादा संगणक उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर त्यावरचे काम किती वेळात परत हवे? उत्तर सहसा तयार नसते. सॉफ्टवेअरच्या याद्या वाचून झालेल्या असतात, पण रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणे, कधी करून पाहिलेले नसते. बॅकअप घेणे जवळपास सगळ्याच सॉफ्टवेअरना जमते. त्यांच्यातला फरक कळतो तो डेटा परत आणताना, म्हणून निवडीची सुरुवातही तिथूनच करावी.

पायरी १: कोणत्या संगणकावर काय आहे ते लिहून काढा

प्रत्येक संगणकासाठी एक ओळ करा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, एकूण डेटा, रोज त्यातला साधारण किती बदलतो आणि संगणक कधी चालू असतो, एवढे लिहा. लॅपटॉपसमोर खूण करा. लॅपटॉप रात्री दोन वाजता नेटवर्कवर नसतो. बॅकअपचे शेड्युल रात्री दोनचे असेल आणि चुकलेला बॅकअप नंतर घेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर तो लॅपटॉप महिनोन्‌महिने सुटत राहतो.

पुढे दोन रकाने वाढवा: किती तासांचे काम गेले तर चालेल आणि पुन्हा काम सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालेल. या क्षेत्रातले लोक त्यांना अनुक्रमे आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. हे रकाने एकट्याने भरू नका, त्या संगणकावर रोज बसणाऱ्याला विचारा.

डेटा नेमका कुठे पडला आहे, हेही याच वेळी शोधा. डॉक्युमेंट्स फोल्डर सगळ्यांना आठवतो. आउटलुकचे मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हवर परस्पर केलेला फोल्डर, सर्व्हरवरचा डेटाबेस या गोष्टी राहून जातात. वनड्राइव्हमध्ये ‘फक्त ऑनलाइन’ ठेवलेल्या फाइलींचे संगणकावर नाव दिसते, पण मजकूर तिथे नसतो. काही सॉफ्टवेअर अशा फाइली गाळतात, तर काही त्या सगळ्या उतरवून घ्यायला लागतात आणि डिस्क भरून जाते.

सिंक (सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणे) आहे, मग बॅकअप कशाला, असे कोणी म्हणाले तर त्यांना सांगा की एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल सिंक बाकीच्या ठिकाणांहूनही पुसतो. रेडचे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्याचेही तसेच. तो डिस्क बिघडल्यावर वाचवतो, फाइल पुसल्यावर नाही.

पायरी २: ‘सर्व प्लॅटफॉर्मना सपोर्ट’ म्हणजे काय, ते खोदून विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन सिस्टिमचे लोगो एका ओळीत छापलेले असले, तरी तिन्हींवर मिळणारी सोय सारखी असतेच असे नाही.

विंडोजमध्ये पहिला प्रश्न उघड्या फाइलींचा. कोणी काम करत असताना बॅकअप सुरू झाला, तर ती फाइल अडकलेली असते. त्यासाठी विंडोजमध्ये व्हॉल्यूम शॅडो कॉपी आहे: त्या क्षणाची डिस्क गोठवल्यासारखी धरून तिची प्रत घेता येते. सॉफ्टवेअर ही सोय वापरते का, आणि आपोआप वापरते की सेटिंग बदलावे लागते, ते पाहा. दुसरा प्रश्न इमेजचा, म्हणजे पूर्ण डिस्कच्या हुबेहूब प्रतीचा. इमेज असेल तर नव्या डिस्कवर सिस्टिम, प्रोग्राम, सेटिंग सगळे एकदम परत येते. मात्र पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी रिकव्हरी तुमच्या हार्डवेअरवर चालते का, हे प्रत्यक्ष सुरू करूनच कळते.

मॅकवर इमेजचा आग्रह धरू नका. २०२० च्या बिग सरपासून मॅकओएसचा सिस्टिमचा भाग वेगळा आणि सीलबंद असतो. तिथे रिकव्हरीमधून मॅकओएस नव्याने टाकायचे आणि मग वापरकर्त्याचा डेटा आणायचा, हीच सरळ वाट आहे. मॅकवरची खरी ठेच परवानगीची असते. २०१८ च्या मोहावीपासून मेल, मेसेजेस यांसारखे फोल्डर वाचायला सॉफ्टवेअरला ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ द्यावा लागतो. तो दिला नाही, तरी बॅकअप बऱ्याचदा यशस्वी झाल्यासारखाच दिसतो आणि आत मेल नसतो. मॅक एक-दोनच असतील तर त्यांच्यापुरते टाइम मशीन हे मॅकमधलेच बॅकअप सॉफ्टवेअर नॅसवर चालू ठेवण्यात काहीच वावगे नाही. सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये बसवण्याच्या हट्टापायी चांगली सोय सोडू नये.

लिनक्सवर फाइलीचा मजकूर परत आला म्हणजे काम झाले असे होत नाही. मालक, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे), एसीएल (परवानग्यांच्या सविस्तर याद्या) हे सगळे जसेच्या तसे यावे लागते. एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर साध्या फाइली कॉपी करून ठेवल्या तर मालकी आणि परवानग्या उरतच नाहीत. रिस्टोअरनंतर खासगी की असलेल्या फाइलीच्या परवानग्या सैल झाल्या, तर एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचा प्रोग्राम, ती की वापरायला नकार देतो. सर्व्हरवर डेटाबेस असेल तर चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलू नका. पोस्टग्रेससाठी पीजीडंप, मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलडंप चालवून आधी डंप, म्हणजे डेटाबेसमधल्या सगळ्या डेटाची वेगळ्या फाइलीत उतरवलेली प्रत, काढावा. असा आदेश बॅकअपच्या आधी आपोआप चालवता येतो का, ते तपासा.

फाइलींच्या नावांचीही पंचाईत असते. फक्त पहिले अक्षर मोठे-लहान असलेल्या दोन फाइली लिनक्सवर सुखाने शेजारी राहतात, पण विंडोज त्यांना एकच समजते. प्रश्नचिन्ह किंवा कोलन असलेले नाव विंडोजला चालतच नाही. जे सॉफ्टवेअर फाइली स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे स्वतःच्या खास रचनेच्या साठ्यात, साठवते त्याला साठवताना ही अडचण येत नाही. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये नुसती कॉपी करणाऱ्याला येते.

पायरी ३: बॅकअपची किल्ली कोणाच्या हातात, ते ठरवा

रचना दोन प्रकारच्या असतात. एकीत प्रत्येक संगणक आपला डेटा बॅकअपच्या जागी ढकलतो, दुसरीत मध्यवर्ती सर्व्हर सगळ्यांकडून तो ओढून घेतो. फरक कळतो तो रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, हल्ल्याच्या दिवशी. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्रायने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली त्रुटी वापरून संगणकामागून संगणक पकडले. पीसीला बॅकअपचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर तो फोल्डर जसा तुम्हाला दिसतो तसा रॅन्समवेअरलाही दिसतो, आणि बॅकअपही कुलूपबंद होतो.

म्हणून ओढून घेणारी रचना घ्या किंवा ‘अपेंड-ओन्ली’ रिपॉझिटरी घ्या, जिथे संगणकाला नवे लिहिता येते पण जुने पुसता येत नाही. बॅकअप सर्व्हरचे खाते वेगळे ठेवा. रोजच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिथे चालता कामा नये.

पायरी ४: जागा आणि वेळेचा हिशेब करा

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी: छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हा ३-२-१ नियम आजही पुरतो. त्यातल्या ‘दुसऱ्या ठिकाणी’वर तडजोड करू नका. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही जळालेल्या भागात होते त्यांचे दोन्ही गेले.

वेळेचे गणित सोपे आहे. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला अडीच तास. नेटवर्कमध्ये १०० एमबीपीएसचा एखादा जुना स्विच राहिला असेल तर त्याच कामाला २५ तास. इंटरनेटचा अपलोड २० एमबीपीएस असेल तर १ टीबी वर जायला साडेचार दिवसांहून जास्त. पहिला बॅकअप एकदाच पूर्ण जातो, नंतर फक्त बदल. रिस्टोअर मात्र पुन्हा पूर्णच करावे लागते, आणि आरटीओच्या रकान्यातला आकडा इथे कामी येतो.

पायरी ५: दोन-तीन नावे निवडा

विंडोजचे पीसी जास्त असतील आणि सगळे एका पडद्यावर पाहायचे असेल, तर यूआरबॅकअप पाहा. त्यात विंडोजची पूर्ण इमेज घेता येते आणि मॅक-लिनक्सच्या फाइलीही येतात. कमांड लाइनची सवय असेल तर रेस्टिक तिन्ही सिस्टिमवर चालते, सारखा डेटा एकदाच साठवते आणि एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा डेटा साठवणे) त्यात सक्तीचेच आहे. तशाच घाटणीचे पण खिडक्या-बटणांचे हवे असेल तर कोपिया आहे. बोर्ग लिनक्सवर उत्तम, पण विंडोजवर थेट चालत नाही, त्यामुळे अशा नेटवर्कमध्ये ते एकटे पुरत नाही. बॅक्युला आणि बॅरिओस मोठ्या पसाऱ्यासाठी आहेत. दहा संगणकांसाठी ते उभे करण्यात आठवडे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत घ्यायचे असेल तर लायसन्स संगणकामागे आहे की साठवलेल्या टीबीमागे, आणि सर्व्हरचा दर वेगळा आहे का, हे लेखी घ्या.

आणखी एक विचारा: कंपनीने सेवा बंद केली तर आधीचे बॅकअप उघडता येतील का? क्रॅशप्लॅन या ऑनलाइन बॅकअप सेवेने २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांना ठरलेल्या मुदतीत दुसरी सोय शोधावी लागली.

पायरी ६: विकत घेण्याआधी रिस्टोअर करून पाहा

प्रत्येक सिस्टिमचा एक संगणक घ्या आणि दोन आठवडे बॅकअप चालू द्या. मग चार परीक्षा घ्या. गेल्या मंगळवारची एकच फाइल परत आणा. हजारो लहान फाइलींचा पूर्ण फोल्डर आणा. विंडोजची इमेज रिकाम्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू करा. लिनक्सचा डंप दुसऱ्या यंत्रावर भरून डेटाबेस चालू होतो का ते पाहा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा आणि आकडा पायरी १ मधल्या रकान्याशेजारी लिहा. शक्य असेल तर हे काम सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला देऊ नका. दुसऱ्या कुणाला फक्त लेखी सूचना देऊन करायला सांगा, कारण प्रत्यक्ष संकटात बसवणारी व्यक्ती जवळ असेलच असे नाही.

हा खटाटोप वाटत असेल तर गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीचे उदाहरण पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथे चुकून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग होते, पण वेळेला एकही धड उपयोगी पडला नाही. पीजीडंप आवृत्तीच्या घोळामुळे रोज फसत होता आणि त्याच्या इशाऱ्यांचे मेल पोहोचतच नव्हते. सुदैवाने एका चाचणी सर्व्हरसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत हाताशी होती, तिच्यावरून काम सावरले. कंपनीने हे सगळे स्वतःच उघडपणे मांडले, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

म्हणून इशारे तपासतानाही हाच बाणा ठेवा. एका संगणकाची केबल मुद्दाम काढा आणि किती दिवसांनी तुम्हाला कळवले जाते ते मोजा. ‘बॅकअप फसला’ असा मेल बहुतेक सॉफ्टवेअर पाठवतात. ‘या लॅपटॉपचा बॅकअप सात दिवसांत झालेलाच नाही’ असे सांगणारे कमी असतात, आणि लॅपटॉप असलेल्या नेटवर्कला तेच हवे असते.

चारही परीक्षा पार पडल्या की सॉफ्टवेअर सगळ्या संगणकांवर बसवा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि विंडोजच्या बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की त्याच दिवशी कागदावर लिहा. पासवर्ड हरवला तर रेस्टिकसारख्या सॉफ्टवेअरमधला डेटा कोणीही उघडू शकत नाही, ते बनवणारेसुद्धा. कागदाच्या दोन प्रती करा. एक बॅकअपच्या दुसऱ्या ठिकाणी ठेवा, दुसरी तुमच्यानंतर हे काम पाहणाऱ्याकडे द्या, आणि पुढच्या रिस्टोअरची तारीख त्याच कागदावर टाका.