कॉइलचा क्यू घरच्या घरी कसा मोजायचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कॉइल घेताना व्हॅल्यू सगळे विचारतात, क्यू किती ते कोणी विचारत नाही, आणि मग घरी बनवलेल्या रेडिओत एका स्टेशनवर दुसरं घुसतं. क्यू म्हणजे सर्किट किती नेमकं ट्यून होतं त्याचं माप, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी (जिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त, म्हणजे पीकला, जातं) भागिले बँडविड्थ (पीकच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज ०.७०७ पट उरतं त्या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक), एवढंच.

आधी २२० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर पॅरलल लावा, एक टोक ग्राउंडला. आता नीट ऐका, फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला थेट जोडायचा नाही. त्याच्या आत ५० ओहम असतात, ते सर्किटवर आले की क्यू मेलाच. मी सुरुवातीला तेच केलं होतं, पीकच दिसेना, अख्खी संध्याकाळ कॉइल खराब आहे समजून बदलत बसलो. म्हणून मध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर टाका. ऑसिलोस्कोपचा प्रोब त्याच टोकाला लावा आणि त्याचं बटण १०एक्सवर ठेवा, १एक्सवर प्रोबचेच १०० पिकोफॅरडच्या आसपास लागतात, म्हणजे कपॅसिटर दुप्पटच झाला की.

मग फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा. हिशोबाने पीक १०७३ किलोहर्ट्झला यायला हवा पण सापडेल १००० च्या आसपास, कारण प्रोब आणि ब्रेडबोर्ड मिळून १५ एक पिकोफॅरड वाढवतात. समजा पीकवर ३०० मिलिव्होल्ट दिसले. त्याला ०.७०७ ने गुणा, २१२ आले. जनरेटरच्या लेव्हलला हात न लावता फ्रिक्वेन्सी खाली न्या, २१२ दिसले की आकडा लिहा, मग पीकच्या वरच्या बाजूलाही तसंच. ९९० आणि १०१० मिळाले तर फरक २०, १००० भागिले २०, क्यू ५०.

रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या छोट्या तयार कॉइलला, म्हणजे चोकला, ५० म्हणजे ठीकच, पण फेराइट रॉडवर लिट्झ वायर (बारीक, वेगवेगळ्या इन्सुलेट केलेल्या तारांची वेणी) गुंडाळली तर २०० च्या वरही जातो आणि तो फरक कानाला कळतो. ५५८ किलोहर्ट्झवरच्या अस्मिता वाहिनीला क्यू ५० असेल तर बँडविड्थ ११ किलोहर्ट्झ होते, आणि मीडियम वेव्हवर चॅनेल ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, म्हणजे शेजारचं स्टेशन घुसणारच. क्यू फार वाढवला तरी पंचाईत, आवाजातली धार जाते, बोलणं घोगरं वाटतं.

पुठ्ठ्याच्या नळीवर कॉइल गुंडाळली असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ती ओल धरते आणि क्यू उतरतो. चांगली वाळवा, व्हार्निश मारा, सुकलं की परत मोजा.