फोडणीला पुरून उरेल असं बिनधास्त स्वयंपाकघर कसं निवडावं

हल्ली नव्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर न बघताही सांगता येतं: पांढरी किंवा राखाडी शटरं, काळा ग्रॅनाइटचा ओटा, मागे चकचकीत टाइल. याला कंटाळलेल्यांनी गडद हिरवी शटरं आणि पितळी कड्या लावल्या, आणि आता तेही मजल्यामजल्यावर दिसतं. खरंच वेगळं हवं असेल तर रंगांचं पुस्तक सगळ्यात शेवटी उघडा. आपल्याकडे रोज फोडणी होते, हळद उडते, कोकमाचं आगळ सांडतं, कुकरची वाफ वरच्या कपाटावर बसते. एवढं सोसून जे टिकेल तेवढंच धाडस कामाचं.

आज जे नेहमीचं वाटतं, तेही कधीतरी लोकांना विचित्र वाटलं होतं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टमधल्या स्वस्त घरांसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. सलग ओटा, भिंतीला जखडलेली कपाटं, दोन पावलांत सगळं हाताशी. काम करणाऱ्या बाईला किती चालावं लागतं हे मोजून ही आखणी केली होती. कपाटांना निळसर रंग दिला, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. समज खरा असो नसो, रंगालाही काहीतरी काम नेमून दिलं होतं, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

१. आधी आठवडाभर स्वतःचा स्वयंपाक बघा

वहीत लिहा: कोण कुठे उभं राहतं, कोण कोणाला धडकतं, मिक्सर कुठून काढावा लागतो, भाजी निवडायला कोण बसतं आणि कुठे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही विचारा. सिंकबद्दल त्यांच्याइतकं घरात कोणालाच कळत नाही. या कटकटींतूनच तुमच्या घरापुरतं वेगळेपण निघतं. गणपतीत पाचजणी मिळून मोदक वळत असतील तर भिंतीलगतच्या कपाटांची एक रांग सरळ काढून टाका आणि मधोमध चाकांचं दणकट टेबल ठेवा. पक्क्या आयलंडचा, म्हणजे मधोमध बांधलेल्या सुट्या ओट्याचा, मोह होईल, पण त्याच्या चारही बाजूंना किमान तीन फूट मोकळी जागा लागते. आठ बाय दहाच्या खोलीत ते अडगळ होईल.

२. ओटा एकाच उंचीचा असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही

मला विचाराल तर सगळ्यात धाडसी बदल इथेच आहे, आणि तो फोटोत दिसतही नाही. मिस्त्री सवयीने ३२ ते ३४ इंचांवर पट्टी मारतो आणि पुढची पंचवीस वर्षं घरातली उंच माणसं वाकून कांदा चिरतात. चपला काढून उभं राहा, कोपर काटकोनात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा केले की चिरण्याच्या ओट्याची उंची मिळते. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला अंगाचा भार टाकावा लागतो, म्हणून तो भाग आणखी दोन-तीन इंच खाली हवा. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा भरून येतो, म्हणून तीही खालच्या भागावर. सिंकचं उलट आहे: भांडं तळाशी असतं आणि हात खाली जातात, म्हणून तो भाग वर.

अशा दोन किंवा तीन पातळ्यांचा ओटा दिसायलाही वेगळा दिसतो. प्रत्येक पातळीला वेगळा दगड लावायची संधी आपोआप मिळते. घरात वयस्क माणसं असतील तर खिडकीखाली १८ इंच उंचीचा रुंद कट्टा बांधून घ्या. बसून शेंगा सोलता येतात आणि खाली कांदे-बटाट्यांच्या जाळ्या मावतात.

दगड कापण्याआधी जमिनीवर खडूने आखणी करा, पुठ्ठ्याचे खोके रचून उंच्या उभ्या करा आणि हातात कढई घेऊन खरोखर वावरून बघा.

३. भिंत, पाणी, गॅस: इथे हौस आवरा

भिंत पाडून स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडायचं असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. नव्या मिवान पद्धतीच्या इमारतींत भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार पेलतात. त्यांना हात लावायचा नाही. सिंक मूळ जागेपासून लांब नेलं की सांडपाण्याला उतार मिळत नाही, आणि खालच्या घराच्या छतावर ओल उतरली की भांडण तुमच्या दारात येतं. पाइप गॅसची लाइन फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्या. घरात वास्तू मानत असतील तर आग्नेयेचा विषय आत्ताच मिटवा.

एक मधला मार्ग आहे. भिंत पूर्ण न पाडता सरकता काचेचा पडदा लावा. सुकट भाजायची तेव्हा बंद, एरवी उघडा. मात्र खिडकी किंवा एक्झॉस्ट काढून टाकू नका. चिमणीही बाहेर धूर फेकणारीच घ्या आणि तिची नळी जितकी आखूड नि सरळ तितकी बरी.

४. प्रत्येक वस्तूची फोडणीची परीक्षा घ्या

दुकानातून दगड, सनमायका, टाइल यांचे तुकडे मागून आणा. प्रत्येकावर हळद कालवलेलं तेल, लिंबाची फोड आणि आगळाचे चार थेंब रात्रभर ठेवा. सकाळी पुसून बघा.

निकाल साधारण असे लागतात. संगमरवरावर लिंबू ठेवलं तिथली चकाकी जाते, कारण तो चुन्याचा दगड आणि आम्ल त्याला खातं. कडाप्पा काळा दिसतो म्हणून ग्रॅनाइटचा भाऊ वाटतो, पण तोही चुनखडीच, आणि कोटाही. कडाप्पावर पांढुरके ठसे उमटतात. मला ते आवडतात, तुम्हाला खपणार आहेत का ते तुकड्यावर बघून ठरवा. ग्रॅनाइटला आम्लाचं फारसं काही वाटत नाही. क्वार्ट्झ रंगांत सुंदर मिळतो, पण त्यात राळेसारखा रेझिन असतो, थेट गरम कढई ठेवली की कायमचा डाग पडू शकतो. हळदीचा पिवळा डाग मात्र ऊन खातं, म्हणून फिका दगड हवाच असेल तर तो खिडकीजवळच्या भागाला लावा.

नक्षीच्या सिमेंट टाइल्सचा मोह अनेकांना होतो आणि तो योग्यच आहे. मुंबई परिसरात शंभरेक वर्षांपासून त्या बनताहेत, गोव्यातल्या जुन्या घरांत त्यांच्यावर पिढ्या वावरल्या, तमिळनाडूच्या आत्तंगुडीत आजही काचेवर ओतून हाताने घडवतात. पण त्या भट्टीत भाजलेल्या नसतात, तेल पितात. जेवायच्या कोपऱ्यात जमिनीला लावा, सीलर मारून घ्या, शेगडीमागे नको. शेगडीमागच्या भिंतीला, म्हणजे डॅडोला, मोठ्या आकाराची चकचकीत टाइल, कमीत कमी सांधे आणि सांध्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे डाग सहसा न पिणारं रेझिनचं भरण. साध्या पांढऱ्या ग्राउटचा महिन्याभरात हळदीकुंकवाचा कार्यक्रम होतो.

५. आता रंग

दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर खरा रंग किंवा सनमायका चिकटवून तो ओट्यामागे उभा करा. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. गडद रंग उजेड गिळतो, म्हणून वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लागेलच. तिचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर हवा, नाहीतर कांदा गुलाबी झाला की करपला ते कळत नाही. मॅट काळ्या शटरवर कणकेची बोटं दिसतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे ओघळही. जांभा दगडाचा तांबूस, मोरपंखी, हळदीपिवळा हे रंग त्या मानाने सोशिक. एकाच गोष्टीला बोलू द्या: शटरं भडक असतील तर जमीन साधी.

वरची कपाटं पूर्ण काढून उघड्या फळ्या लावायच्या असतील तर शेगडीपासून लांबच्या भिंतीवर, आणि रोज हाताळली जाणारी भांडीच तिथे ठेवा. नाहीतर तेलकट धूळ. आजीची स्टीलची मांडणी गडद भिंतीवर काय देखणी दिसते, ते एकदा करून बघा.

६. ऑर्डर देताना

सिंकखाली आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलाच प्लाय मागा, किंवा तिथे स्टीलची ट्रॉली घ्या. करारात सनमायक्याचा नंबर, कंपनी आणि दगडाचं नाव लिहून घ्या. नुसतं 'हिरवा' लिहिलं तर सुताराचा हिरवा आणि तुमचा हिरवा वेगळा निघेल. चालीबाहेरचे रंग बाजारातून लवकर गायब होतात, म्हणून सनमायक्याची एक जादा शीट आणि टाइलचा एक जादा डबा घेऊन माळ्यावर टाका, वर नंबर लिहून.